वाऱ्याला घातलेला बांध

एकवीस नोव्हेंबर. बंपरखालची जागा मोजणे.

फडताळातले कागद बदलताना जुन्या कॅलेंडरचं एक पान हाती आलं, त्याच्या कोऱ्या पाठीवर हे लिहिलंय. अक्षर माझंच. खाली पेन्सिलीने गाडीचं नाक काढलंय, ते डुकराच्या नाकासारखं दिसतंय. नाकाखाली आडवी रेघ, रेघेवर बाण, बाणांवर आकडे, आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. चार हंगामांपूर्वीचं पान. पारगावच्या कारखान्याचा भोंगा परवाच वाजला, म्हणून तर फडताळ आवरायला घेतलं. गळीत सुरू झालं की पुढचे चार महिने घरात काही आवरून होत नाही.

आमच्या तालुक्याच्या पूर्व भागात दिवाळी झाली की हवेला एक वास येतो. मळीचा, आंबूस गोड. नव्या माणसाला दोन दिवस मळमळतं, मग त्याचं नाकही आमच्यासारखं होतं. रस्त्यावर पाचट पसरतं. उसाच्या टायरगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावरची गाणी. ओढ्याच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पांढरं लुगडं दोरीवर घातलं तर संध्याकाळपर्यंत त्यावर बारीक काळे-तपकिरी कण बसतात, कुठे पेटवलेल्या पाचटाची राख, कुठे कारखान्याचा भुसा. सगळं काही त्या कणांनी भरतं. पाण्याचा माठ, केस, आणि गाड्यांचे रेडिएटर. या शेवटच्या गोष्टीचा पुढे संबंध आहे.

तेव्हा आमच्याकडे जुनी पांढरी पिकअप होती. आमच्या ह्यांची पाठ धरली, तेव्हापासून ती मीच चालवायचे. लोणीच्या शिवारातल्या सात-आठ घरांची कोथिंबीर दुपारी भरायची, पारगाववरून हायवेला लागायचं, आणि संध्याकाळच्या लिलावाआधी नारायणगावच्या बाजारात उतरवायची. कोथिंबिरीला वेळ कळते. सकाळी उपटलेली जुडी दुपारी तरारलेली असते, संध्याकाळी मान टाकते, आणि लिलाव चुकला की दुसऱ्या दिवशी पिवळी. तिला समजावून सांगता येत नाही. म्हणून लोक गाडी बघत नाहीत, गाडी वेळेवर पोचते का ते बघतात. माझी पोचायची. तीन वर्षं पोचली.

त्या पावसाळ्यात सोपानदादांच्या बांधावरून गाडी उतरवताना पुढची काळी प्लास्टिकची पट्टी दगडाला अडकून तुटली. बंपरच्या खाली लोंबते ना, वीतभर रुंद, ती. सोपानदादा म्हणजे आमच्या कोथिंबीरवाल्यांतले सगळ्यांत थोरले. त्यांनी तो तुकडा उचलून गोठ्यात नेला आणि शेण ओढायला वापरला. पारगावच्या बाळू मिस्त्रीला मी विचारलं होतं, ही लागते का. बाळू ट्रॅक्टरखाली झोपलेला होता. तो खालूनच म्हणाला की ती नुसती शोला असते, नसली तरी गाडी पळते. मीही विसरले.

हंगाम सुरू झाला आणि गाडी तापू लागली.

पहिल्यांदा कळंबच्या पुढे उभी राहिले. काटा लाल पट्ट्यात, बॉनेटखालून वाफ. पाऊण तास थांबून पोचले, लिलाव निम्मा झालेला. दुसऱ्यांदा तर पूर्ण चुकला. सात घरांची कोथिंबीर दुसऱ्या दिवशी हौद्यातच पिवळी पडली, आणि ती परत आणून मीच उकिरड्यावर टाकली, कारण कुणाच्या दारात ती नेऊन ठेवायचं तोंड नव्हतं. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं. फक्त तिसऱ्या दिवशी दोन घरांनी सांगितलं की आज माल नाही, आणि त्यांच्या बांधावर दुसऱ्या गावची पिकअप उभी दिसली.

ह्यांनी रात्री जेवताना ठरवून टाकलं. शिरूरचा एक घेणारा होता, तो दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी गाडी बघायला येणार होता. त्याआधी आणखी एकदा गाडी रस्त्यात उभी राहिली तर द्यायचीच. नाही राहिली तर बघू. मी वाद घातला नाही. वाद घालायला माझ्याकडे मुद्दाच नव्हता, कारण बाळूने रेडिएटर धुतला होता, पाण्याचा पंप बदलला होता, थर्मोस्टॅट काढून फेकला होता, आणि गाडी तरीही तापत होती. गाडी गेली असती तर मी पुन्हा खुरपं घेऊन रानात गेले असते. खुरप्याशी माझं भांडण नाही. पण मला स्टिअरिंग जास्त आवडतं, हे मी तेव्हा कुणाला बोलले नव्हते.

रविवार पंधरा दिवसांवर होता. ते पंधरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. भीती होती, पण त्याहून जास्त मजा होती. शाळेत असताना गणिताचा पेपर समोर आला की मला असंच व्हायचं, आणि ते पास-नापासमुळे नव्हतं, गणितामुळेच होतं.

सुरुवात एका साध्या गोष्टीने झाली. मला दिसलं की गाडी खराब रस्त्यावर तापत नाही. लोणी ते पारगाव खड्डेच खड्डे, दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर रडत जायचं, काटा मधोमध. हायवेच्या गुळगुळीत डांबरावर साठ-सत्तरला गेलं की काटा चढायला लागतो. हळू केली की उतरतो. मी बाळूला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, वैनी, वारा जास्त लागल्यावर गाडी थंड व्हती, गरम नाय. मलाही तसंच वाटत होतं. म्हणूनच ते चुकतं आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्यात चार-पाच पिकअपही अडकलेल्या. मी उतरले आणि एकेकीच्या पुढे वाकून खाली बघत गेले. बाई गाडीखाली डोकावतेय म्हटल्यावर एका ड्रायव्हरने विचारलं, मावशी, कोंबडी शिरली का. मी म्हटलं, हो. प्रत्येक गाडीच्या नाकाखाली ती काळी पट्टी होती. जिची नव्हती अशी एकटी माझीच.

परत येताना डोक्यात एकच चालू. आमचं लोणीचं घर दोन दारांचं आहे, पुढचं आणि परसातलं. उन्हाळ्यात मागचं दार लावून घेतलं की पुढच्या दारातून वारा यायचा थांबतो. पुढचं दार सताड उघडं असलं तरी. आत आलेल्या वाऱ्याला बाहेर जायला वाट पाहिजे, हे घर झाडणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. गाडीत वारा पुढून रेडिएटरमधून येतो आणि इंजिनाखालून बाहेर पडतो. आता पट्टी नाही म्हटल्यावर खालून दुसराच वारा जोरात घुसत असणार आणि ते मागचं दार दाबून धरत असणार. जितका वेग जास्त, तितकं दार घट्ट. पट्टी म्हणजे त्या खालच्या वाऱ्याला घातलेला बांध.

बाळूला हे सांगितलं तेव्हा तो ट्रॅक्टरखालून पहिल्यांदाच बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "एअर डॅम म्हणत्यात त्याला. मला वाटलं लई जोरात पळणाऱ्या कारचं काम हाय ते." मग त्याने तीन दुकानांना फोन केले. आमच्या जुन्या मॉडेलची पट्टी कुठेच मिळेना. मागवली तर पंधरा-वीस दिवस. मी म्हटलं, फोन ठेव. घरी करू.

त्या रात्री ते कॅलेंडरचं पान काढलं आणि सकाळी मोजमाप घेतलं.

पहिला विचार अर्थातच पत्र्याचा. आपल्याकडे काहीही अडलं की हात पत्र्याकडे जातो. गोठ्यावरचा उरलेला तुकडा होता, तो कापला, कडा दुमडली, नटबोल्टने आवळला. गाडी चालू केली आणि तो वाजायला लागला. तीसला खडखड, चाळीसला ढोल. गावातली कुत्री मागे लागली. पारगावच्या पहिल्याच गतिरोधकावर पत्रा खालून आपटला, मागे दुमडला आणि चाकाकडे टोक करून बसला. टायर फाटला असता. पत्र्याचा दोष असा की तो एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. मी तो तिथेच उखडून हौद्यात टाकला.

दुसरा प्रयोग निवडणुकीच्या फलकाचा. नुकतीच निवडणूक झाली होती आणि पोकळ प्लास्टिकच्या पाट्या गावभर पडलेल्या होत्या, शेळ्यांच्या खोपट्यांना लावलेल्या. हलक्या, कात्रीने कापता येतात, वाजत नाहीत. मी एक कापून लावली. बाहेरच्या बाजूला उमेदवाराची मिशी आणि जोडलेले हात आले. ह्यांनी बघून सांगितलं की हे लावून तू पारगावातून गेलीस तर विरोधी पार्टीचे लोक कोथिंबीर घेणार नाहीत. मी उलटी लावली. हायवेवर साठला ती मागे पोटाला चिकटून गेली, म्हणजे बांध वाऱ्याने आडवा केला. परत येईपर्यंत फाटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या.

इथे मला पहिल्यांदा प्रश्न नीट समजला. वस्तू अशी हवी की वाऱ्यापुढे ताठ राहील, पण दगड किंवा गतिरोधक आला की वाकेल, आणि वाकून परत जागेवर येईल. पत्र्याला यातलं एकच जमतं. पाटीला एकही नाही. मी घरातली प्रत्येक वस्तू या नजरेने बघायला लागले. परात, सुपली, बादली, खुर्चीची पाठ. खुर्चीची पाठ वाकवून सोडली तर परत आली, पण खुर्ची सासूबाईंची होती. गोठ्यात गायींच्या पायाखाली रबराची चटई होती, ती उचलून पाहिली, पण ती इतकी जड की बंपरच खाली आला असता. जुन्या टायरचा पट्टा कापायला घेतला, तर त्याच्यात तारा निघाल्या आणि तो स्वतःच्या वळणाने गुंडाळून बसला. दोन दिवस माझ्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. भाकरी थापतानाही मी काठ दाबून बघत होते.

मग परसातला निळा पिंप दिसला. औषध फवारणीच्या पाण्यासाठी ठेवलेला, तळाला चीर गेलेली, म्हणून कोंबड्यांना दिलेला. त्याचं प्लास्टिक मी अंगठ्याने दाबलं. दबलं आणि परत आलं. उन्हात वर्षं काढलेली, तरी ठिसूळ झालेलं नाही. करवतीने उभा कापला. पिंपाचा गोलावा तर गाडीच्या नाकासाठीच दिल्यासारखा होता, टोकांना मागे वळणारा. दोन फाळ्या एकमेकींवर चढवून रुंदी जुळली. पण जमिनीपासून चार बोटं अंतर राहायला हवं आणि तिथे पिंपाचं प्लास्टिक फार ताठ. मोठा दगड लागला तर पिंप वाकणार नाही, बोल्टच्या भोकातून फाटणार. खालची कड मऊ हवी होती.

शुक्रवारी मी जुन्नरला गेले. माझी मावसबहीण शैला तिथे जुन्या बाजारपेठेत पिठाची गिरणी चालवते. दोन्ही बाजूंना दुकानं, मधून एसटी गेली की माणसांनी पायरीवर चढायचं, अशा गल्लीत तिची गिरणी. मी गेले होते दुसऱ्याच कामाला, म्हणजे तिच्या शेजारच्या दुकानात रबर बघायला. तिथे काही पसंत पडेना. एक पातळ, एक चिकट, एकाला वास. शैला पिठाने पांढरी झालेली दारात उभी राहून माझं हे चाललेलं बघत होती. शेवटी म्हणाली, "अगं, तू साडी घेतेयस का रबर? लग्नातसुद्धा इतकं उलटंपालटं केलं नव्हतंस."

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता एका बाजूने ज्वारी ओतत होती. मी "वाकून परत आलं पाहिजे" असं म्हटलं आणि आमच्या दोघींची नजर एकदमच गिरणीच्या पट्ट्यावर गेली. मोटरवरून चाकावर, चाकावरून मोटरवर, अखंड वाकणारा आणि सरळ होणारा. रबर आणि आत जाड कापडाचे पदर. सहा इंच रुंद. मी आयुष्यभर त्याच्यासमोर डबा घेऊन उभी राहिले होते आणि त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

शैलाने माळ्यावरून जुना काढला. कडेला जरा कुरतडलेला, पण धड. मी तो गळ्यात टाकून बाजारपेठेतून चालत गेले. पिठाने माझा काळा झंपर पांढरा झाला, आणि मी मनातल्या मनात बोल्ट मोजत होते.

घरी येऊन निळ्या पिंपाच्या खालच्या कडेला पट्टा लावला. मधे अॅल्युमिनियमची चपटी पट्टी दिली, म्हणजे बोल्टचा जोर एका भोकावर येणार नाही. प्रत्येक बोल्टला रुंद वॉशर. पिंपाची भोकं जरा लांबट पाडली, कारण प्लास्टिक उन्हात पसरतं. हे मला बाळूने सांगितलं आणि तेवढं त्याचं श्रेय. रात्री नव्हे, दिवेलागणीच्या आत काम संपलं. गाडीकडे लांबून बघितलं तर पांढऱ्या गाडीला निळी हनुवटी आणि तिच्याखाली काळी दाढी. ह्यांना मी विचारलं, कशी दिसते. ते म्हणाले, पंचमीच्या मेळ्यातल्या राक्षसासारखी.

शनिवार, रविवार, सोमवार गाडी चालवली. पट्टी एकदम झकास. गतिरोधकावर घासून परत येते, वाजत नाही, वाऱ्याने मुडपत नाही. आणि काटा? काटा लाल पट्ट्यात जात नव्हता, पण त्याच्या खाली एका रेघेवर जाऊन थरथरत होता. मी भार निम्मा ठेवत होते, पंचावन्नच्या वर जात नव्हते. पूर्ण भाराने, वेळ गाठायच्या वेगाने ती उभी राहिली असती. मला इतका राग आला की काय सांगू. उत्तर बरोबर आहे हे माहीत असताना बेरीज जुळत नाही, तसा.

सोमवारी संध्याकाळी माझा भाऊ आला होता. माझं माहेर मेंढरांचं. आता बहुतेक शेतीच, पण भावाने अजून पन्नासेक मेंढरं ठेवलीत. त्याच्या खांद्यावर नुकतीच कातरलेली लोकर पोत्यात होती. तो पोतं टेकवून उभा होता आणि वाऱ्याने लोकरीचा एक पुंजका उडाला, भिंतीच्या कोपऱ्याला वळसा घालून गेला. वारा कसा गेला ते मला दिसलं. पुंजक्याने दाखवलं.

मंगळवारी सकाळी मी गाडीच्या पूर्ण नाकावर काळ्या लोकरीचे बोटभर झुपके चिकटवले. बॉनेटच्या कडेला, पुढच्या जाळीवर, बंपरवर, पट्टीच्या वर आणि खाली. गाडी मी चालवणार, बाळू शेजारून मोटारसायकल चालवणार, आणि त्याच्या मागे बसून आमचे हे झुपके बघणार. पाठीची तक्रार असलेल्या माणसाने मोटारसायकलवर आडवं वाकून गाडीच्या खाली बघायचं, हे त्यांनी कसं कबूल केलं ते मला आजही कळलेलं नाही. मला वाटतं, त्यांनाही उत्तर पाहिजे होतं.

पारगावातून निघालो तर लोक थांबून बघत होते. एका म्हातारबाने हात जोडून विचारलं की गाडी देवाला सोडलीय का. बाळू म्हणाला, हो, आता खंडोबाला चाललोय.

मोकळ्या रस्त्यावर मी साठला नेली. आरशात दोघं दिसत होते, ह्यांचा टॉवेल वाऱ्यावर. ते ओरडून सांगत होते, पण मला ऐकू येत नव्हतं. दोन किलोमीटर जाऊन कडेला थांबलो.

त्यांनी सांगितलं की पट्टीवरचे झुपके छान पसरलेत, बाजूंनी वाहतात, खाली एकही जोरात मागे पळत नाही. म्हणजे बांध काम करतो. 

"पण जाळीवरचे झोपलेत," ते म्हणाले. "हलतसुद्धा नाहीत."

"कुठल्या जाळीवरचे?"

"तुझ्या. तू शिवलेल्या."

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. हंगामात तो भुसा आणि राख रेडिएटरमध्ये बसते, म्हणून आमच्या भागात गाड्यांच्या पुढे शेडनेटचा तुकडा बांधायची पद्धत आहे. लोक सुतळीने कसाही बांधतात, फाटका, लोंबणारा. मला ते बघवत नव्हतं. मी तीन वर्षांपूर्वी मशीनवर नीट बेतून, दुपदरी, कडेला इलॅस्टिक घालून एक जाळी शिवली होती. टोपीसारखी गाडीच्या तोंडावर चपखल बसायची. आत कचऱ्याचं एक पान जायचं नाही. सगळ्यांना आवडली. मग मी गावातल्या प्रत्येक पिकअपला एकेक शिवून दिली. कौतुकही भरपूर घेतलं.

दुपदरी जाळीतून भुसा जात नव्हता हे खरं. वाराही जात नव्हता. कंपनीची पट्टी होती तोपर्यंत गाडीने कसंबसं सोसलं. पट्टी गेली आणि पुढचं दार व मागचं दार, दोन्ही बंद झाली. पुढचं मी स्वतःच्या हाताने, दोन पदरांनी.

 बाळू खाली बसून मन लावून स्वतःच्या चपलेचा अंगठा नीट करू लागला. त्याच्याही पिकअपला मी जाळी दिलेली होती.

मी जाळी तिथेच ओढून काढली. परतीला काटा मधोमध. बरं, मग बांधाची गरजच नव्हती का, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. बुधवारी मी मुद्दाम निळी पट्टी सोडली आणि जाळीशिवाय, पट्टीशिवाय गाडी पळवली. सत्तरला काटा चढला. पट्टी लावली, उतरला. पुन्हा सोडली, पुन्हा चढला. गुरुवारी पुन्हा. ह्यांनी विचारलं, किती वेळा तेच करणार. मी म्हटलं, खात्री होईपर्यंत. खरं म्हणजे खात्री पहिल्याच वेळी झाली होती. पुढच्या वेळा मी हौस म्हणून केल्या.

भुशाचा प्रश्न राहिलाच होता. त्यावर मी काही शोध लावला नाही. रोज सकाळी रेडिएटरवर आतून बाहेर पाणी मारायचं, पाच मिनिटांचं काम. कंटाळा येतो, पण करायचं.

शनिवारी मी सगळ्या घरांना निरोप दिला की आज पूर्ण भार घेणार. पाच घरं आली. दोन घरं आली नाहीत. सोपानदादा आले, आणि माल चढवून झाल्यावर स्वतःही पुढच्या सीटवर चढून बसले. मी विचारलं, कुठे. म्हणाले, "माज्या कोथिंबिरीसंगं. हिची तब्येत बघाया."

पारगाव सोडलं, हायवेला लागलो. हौदा इतका भरलेला की आरशात फक्त हिरवं. मी साठ केली. सत्तर केली. सोपानदादा रस्त्याकडे बघत नव्हते, काट्याकडेही बघत नव्हते. त्यांनी चप्पल काढून पाय पुढे लावला होता, इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर. तापली की आधी माझ्या पायाला कळंल, काट्याला मागनं, असं त्यांचं म्हणणं. पन्नास वर्षं बैलांच्या अंगावर हात ठेवून ताप बघितलेला माणूस. कळंब गेलं, जिथे मी पहिल्यांदा उभी राहिले होते. मी तिथे बघितलं नाही. पुढचा उड्डाणपुलाचा चढ आला, एक ट्रक रेंगाळत होता, मी त्याला मागे टाकलं. काटा मधोमध. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, आणि मी गाणं म्हणणारी बाई नाही.

नारायणगावच्या कमानीत शिरलो तेव्हा लिलावाला अजून वेळ होता. सोपानदादांनी पाय खाली घेतला.

"गारच हाय की, राव," ते म्हणाले. मग खाली उतरून ते गाडीच्या पुढे गेले, वाकले, निळ्या पिंपाला आणि गिरणीच्या पट्ट्याला हात लावून पाहिला. "वैनी, ह्यो पिंप कुणाचा व्हता?"

कोंबड्यांचा, मी सांगितलं.

हमालांनी जुड्या उतरवल्या. तरारलेल्या, ताज्या, हाताला थंड. लिलावाच्या गर्दीत मी त्या ढिगाशेजारी उभी होते. मळीच्या वासाऐवजी कोथिंबिरीचा वास, घामाचा, डिझेलचा. दरवर्षी हंगाम सुरू झाला की मला हाच वास आधी आठवतो, मळीचा नंतर. मी घरी पोचले. सोपानदादांनी त्यांना बाजारातूनच फोन केला होता, हे मला ह्यांच्या तोंडावरून कळलं. ताट वाढताना ते एवढंच म्हणाले की शिरूरवाल्याला तू फोन करतेस की मी करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्याला फोन केला. सांगितलं की येऊ नका, गाडी द्यायची नाही. तो म्हणाला, अहो, पण ती तापते ना. मी म्हटलं, नाही तापत. मग रेडिएटरवर पाणी मारलं, कात्री घेतली आणि गावातून निघाले. ज्या ज्या घरी माझी जाळी होती तिथे गेले. काही लोक गाडी घेऊन बाहेर पडायच्या बेतात होते. एकाने तर गाडीपुढे उभं राहून अडवलं. म्हणाला, "वैनी, तुमीच शिवून दिलीया, इतकी झ्याक. आता तुमीच कापता?" मी त्याला चूक समजावून सांगितली, माझी. त्याला ती पटली नाही. मी इलॅस्टिक कापलं. बाळूच्या पिकअपची जाळी मात्र त्याने आधीच काढून घडी करून सीटवर ठेवली होती.

नऊच्या सुमाराला हौद्यात नऊ जाळ्या जमल्या. शिवण अजून पक्की होती, माझी शिवण पक्कीच असते. दुपारी पाण्याच्या हौदाजवळच्या नळावर मी त्या ओल्या केल्या, सोपानदादांच्या बांधावर गाडी लावली, आणि जसजशा कोथिंबिरीच्या जुड्या चढल्या तसतशा त्या दुपदरी, गच्च विणीच्या जाळ्या त्यांच्यावर अंथरत गेले. न आलेल्या दोन घरांपैकी एकाचा मुलगा डोक्यावर ओझं घेऊन बांधावरून येताना दिसला. मी हौद्याची फळी पुन्हा उघडली.